ग्रानलीडेनमधलं ते एक मत

ग्रानलीडेन,
निवडणुकीनंतरचा गुरुवार

प्रिय गुद्रूनताईस,

धाकट्या मायकेनचा वाकून नमस्कार. (वाकून म्हणजे मनातल्या मनात. खरोखर वाकले तर मला परत सरळ करायला एव्हर्टला हाक मारावी लागेल, आणि सध्या त्याला हाक मारण्यात अर्थ नाही.) तुझी प्रकृती कशी आहे? खोकला गेला का? ओडवारभाऊजींचा नवा खुबा जुन्यापेक्षा बरा चालतो का? त्यांना म्हणावं, नॉर्वेच्या सरकारनं एवढा बसवून दिलाय तर निदान खुर्चीतून उठून त्याला जरा वापरा. आमचं विचारशील तर मी ठणठणीत, कोंबड्या ठणठणीत, आणि एव्हर्ट लाकडं फोडतोय. तब्येतीच्या बातम्यांत मी लाकडं का घातली ते पुढे कळेलच.

फोन न करता पत्र लिहितेय याचं कारण एव्हर्टचे कान. 'जेवायला ये' हे त्या कानांना तीनदा सांगावं लागतं, पण मी तुझ्याशी फोनवर हळू बोलायला लागले की सरपणाच्या खोपटातून त्याला सगळं ऐकू जातं. म्हणून पत्र. पाकीट जिभेनं चिकटवून वर टेप मारणार आहे, कारण टपाल अजूनही आस्ताच्या दुकानातूनच जातं आणि आस्ताला तू ओळखतेसच. तिच्या हातात पडलेलं पोस्टकार्ड पत्त्यावर पोचायच्या आधी गावभर पोचतं. पाकिटं ती खिडकीच्या उजेडात धरून बघते. (म्हणून हा जाड कागद. चित्रकलेच्या वहीतला आहे, माफ कर.)

तर निवडणूक. संसदेची, देशाची, तीनशे एकोणपन्नास शहाण्यांना स्टॉकहोमला पाठवायची. तू तिकडे बसून टपालानं मत धाडून मोकळी झालीस, म्हणून तुला कल्पना नाही की यंदा त्या शहाण्यांत तुझ्या मेहुण्याला जायचं होतं. हो, एव्हर्टला! जो माणूस जेवणाच्या टेबलावर 'मीठ' आणि 'अजून आहे का' याखेरीज तिसरं वाक्य बोलत नाही, तो म्हणे संसदेत बोलणार होता!

सगळं सुरू झालं दिव्यापासून. आपल्या फाट्यावर टपालपेट्यांची रांग आहे ना, तिथला रस्त्यावरचा दिवा रस्तेवाल्यांनी गेल्या हिवाळ्यात बंद केला. एव्हर्टनं तक्रार लिहिली. उत्तर आलं की त्या दिव्याखालून पुरेशी वाहतूक होत नाही. एव्हर्टनं परत लिहिलं की अंधार आहे म्हणूनच होत नाही. त्याला उत्तर आलं नाही. झालं, बिघडलं डोकं! माणूस खुळावायचाच असेल तर विसाव्या वर्षी खुळावतो. एव्हर्टचं तेव्हा राहून गेलं होतं, ते त्यानं आता सत्तरीत उरकून घेतलं. दोन तासांवरच्या कुठल्याशा गावात गाडी शिकवणाऱ्या एका निवृत्त मास्तरानं 'विरळ वस्ती पक्ष' काढला होता. पक्षाचं म्हणणं थोडक्यात इतकंच की जिथे माणसं कमी तिथे दिवे जास्त हवेत. एव्हर्ट त्यांच्या सभेला गेला आणि उमेदवार होऊन परत आला. यादीत सातवा. मी विचारलं, सभेला माणसं किती होती? म्हणाला, सात.

आता तूच सांग, मी काय करायचं होतं? आपण ह्याल्मारच्या मुली. बाबांनी जन्मभर एकाच पक्षाला मत दिलं आणि त्या पक्षाच्या कॉफीच्या मोठ्या किटलीला आपल्या घरात आपल्यापेक्षा जास्त मान होता. ती किटली आज माझ्याकडे आहे. पक्षाच्या कॉफीची प्रमुख मी आहे. आणि माझ्याच ओसरीत विरळ वस्तीवाल्यांच्या मतपत्रिकांचे गठ्ठे येऊन पडले, कारण छोट्या पक्षांना आपापल्या मतपत्रिका स्वतःच केंद्रावर नेऊन ठेवाव्या लागतात. बुटाच्या कपाटात गठ्ठे, शिवणाच्या टोपलीत गठ्ठे. मांजरीनं एकावर पिल्लं घातली. त्या पक्षाला इतकी उबदार जागा पुन्हा मिळायची नाही.

ऑगस्ट संपता संपता आस्ताच्या दुकानापुढे दर निवडणुकीसारख्या पक्षांच्या प्रचाराच्या खोपट्या उभ्या राहिल्या. आमची लाल रंगाची, नीटनेटकी, बाबांनीच ठोकलेली. शेतकऱ्यांच्या पक्षाची हिरवी. आणि त्या दोहोंच्या मधोमध एव्हर्टनं काय आणून ठेवावं? हिवाळ्यात तळ्याच्या बर्फावर ओढून नेतो ती मासे धरायची खोपटी! तळाला घसरपट्ट्या, मध्ये बर्फात गळ सोडायला भोक, आणि आत चाळीस हिवाळ्यांच्या माशांचा वास. त्या भोकावर पाट टाकून हा देशाचं भवितव्य सांगायला बसला. पाट दोनदा सरकला.

कॉफी आणि दालचिनीचे बन त्यालाही हवेच होते, नाहीतर त्या वासात पाय कोण ठेवणार? बन कोणी भाजायचे? मीच. म्हणजे पहाटे उठून मी अर्धे बन स्वतःच्या पक्षासाठी भाजायची आणि अर्धे शत्रूसाठी, आणि कणीक तीच! लोकांचं काय जातं? बन त्याच्याकडे खायचे, पत्रकं माझ्याकडे घ्यायची, आणि पाऊस आला की हिरव्या खोपटीत शिरायचं, कारण तिचं छप्पर गळत नाही.

आणि आता खरी गंमत ऐक. आपल्याकडे 'हो' म्हणायला माणूस तोंड उघडायचे कष्ट घेत नाही. ओठांतून श्वास आत ओढला की झालं. त्याचा अर्थ 'हो' होतो. तसाच 'ऐकलं', 'बरं', 'पाऊस येणार वाटतं' आणि 'आता जाऊ दे मला' असाही होतो, हे इथलं शेंबडं पोरही जाणतं. एव्हर्ट इथेच जन्मला, इथेच म्हातारा झाला. पण उमेदवारी अंगात आली की माणसाची अक्कल पहिली रजेवर जाते. त्याच्या शिकारीच्या टोळीतला सिक्स्टेन यायचा, ओठाखाली तंबाखूची पुडी दाबून तीन बन उचलायचा आणि म्हणायचा, "बन झकास झालेत." एव्हर्ट विचारायचा, "आणि दिव्याचं कसं वाटतं?" सिक्स्टेन श्वास आत ओढायचा. की एव्हर्टनं एक मत धरलं! आस्ता दाराशी झाडू मारताना श्वास ओढायची, तेही धरलं. निवडणुकीच्या आदल्या दिवशी त्याच्याकडे गावात आहेत त्याहून जास्त मतं जमा झाली होती. मी म्हटलं, अरे, निम्मे दम्याचे आहेत. त्यानं ऐकलं नाही.

रविवार उजाडला. एव्हर्टनं लग्नातला कोट काढला. बटण पोटापासून वीतभर लांब राहिलं, टाय मी बांधून दिला. मतदान जुन्या शाळेत. केंद्रप्रमुख कोण? आस्ता. (या गावात जे काही उघडायचं असतं ते आस्ताच उघडते. दुकान, टपाल, शाळा, आणि दुसऱ्यांच्या भानगडी.) आत शिरताच तो उघडा स्टँड, सगळ्या पक्षांच्या मतपत्रिका वेगवेगळ्या रचलेल्या, आणि रांगेतलं प्रत्येक माणूस छताकडे बघत असतं, पण कोणाचा हात कुठे गेला हे एकालाही चुकत नाही. म्हणून सभ्य माणसं काय करतात? दोन-चार पक्षांच्या उचलतात आणि पडद्याआड जाऊन हवी ती पाकिटात घालतात. एव्हर्टनं तर प्रत्येक गठ्ठ्यातली एकेक उचलली, पत्त्यांच्या पंख्यासारखी हातात धरली आणि आत गेला. बराच वेळ आत होता. मी मात्र आमच्या पक्षाची एकच घेतली, चांगली उंच धरून, छताकडे बघणाऱ्यांनाही दिसेल अशी. ह्याल्मारची मुलगी आहे मी, मला कशाची लपवाछपवी!

संध्याकाळी मोजणी. सगळ्यांना बसून बघता येते, आणि दुसरं काही बघण्यासारखं गावात नसल्यामुळे सगळे बसले. आस्ता एकेक गठ्ठा वाचत गेली. आमच्या पक्षाला गेल्या वेळी होती तितकीच, एक कमी नाही, एक जास्त नाही. (मधल्या काळात कोणी मेलं नाही, कोणी नवीन आलं नाही, आणि इथे कोणी विचार बदलत नाही.) मग हिरवे. मग बाकीचे. आणि शेवटी चष्मा पुसून आस्ता म्हणाली, "विरळ वस्ती पक्ष. एक."

एक!

ताई, कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. सगळ्यांनी एकदा एव्हर्टकडे पाहिलं आणि मग आपापल्या बुटांकडे. कारण हिशेब सोपा होता. आपण दिलं नाही हे प्रत्येकाला स्वतःपुरतं ठाऊक होतं. माझ्यावर तर कोणाचा संशय जाणंच शक्य नव्हतं. उरला कोण? स्वतः उमेदवार. आणि तुला आपली माणसं माहीत आहेत. इथे दारू पिऊन ट्रॅक्टर तळ्यात घातलास तर माफी आहे, दुसऱ्याच्या बायकोबरोबर पळून गेलास तर दोन वर्षांनी परत येऊन मासे धरायला बसता येतं. पण स्वतःला कोणीतरी समजणं? स्वतःच्या हातानं स्वतःला निवडणं? छे! त्यापेक्षा चोरी बरी.

इथे कोणी कोणाला वाळीत टाकत नाही, तेवढी हिंमत कोणात आहे? फक्त कॉफीला बोलवायचं विसरतात. सोमवारी एल्क हरणांची शिकार पुढे सुरू झाली. एव्हर्ट टोळीचा प्रमुख, आमचा मुलगा शाळेत जायच्या आधीपासून. कोणी कुठे उभं राहायचं ते तो सांगतो, आणि पहिल्या विश्रांतीला शेकोटीभोवतीच्या ओंडक्यावर त्याची जागा ठरलेली असते. परवा त्या जागी सिक्स्टेनचा कुत्रा बसला होता. कोणी त्याला उठवलं नाही. एव्हर्ट थोडा वेळ कप हातात धरून उभा राहिला, मग कॉफी बर्फाळ गवतात ओतली आणि शिकार अर्धी टाकून भर दुपारी घरी आला. शिकार अर्धी टाकून! त्याच्या आईच्या मयताच्या दिवशीसुद्धा तो असा आला नव्हता.

तेव्हापासून लाकडं फोडतोय. खोपट भरलं, आता भिंतीबाहेर रचतोय. आमच्या दोघांच्या उरलेल्या आयुष्यात इतकी थंडी पडणार नाही. पुढच्या शनिवारी टोळीची बैठक आहे, आणि सिक्स्टेननं निरोप धाडलाय की 'प्रमुख कोण असावा यावर जरा बोलू'. एव्हर्टनं निरोप ऐकला आणि नवं लाकूड उचललं. काल जेवताना मात्र बोलला, मीठ न मागता. म्हणाला, "मायकेन, मी स्वतःला मत दिलेलं नाही." मी म्हटलं, "मग काय त्या दिव्यानं येऊन दिलं?" यावर तो उठून गेला. बटाटे तसेच टाकून.

असो. ज्यानं त्यानं आपल्या मूर्खपणाची फळं आपण खावीत, त्याला मी तरी काय करणार? तुला सगळं सविस्तर कळवावं म्हणून लिहिलं, दुसरा काही हेतू नाही. इकडची काळजी करू नकोस. भाऊजींना नमस्कार, आणि त्यांच्या दोन्ही खुब्यांना आशीर्वाद.

तुझीच,
मायकेन

ता. क. हेतू नाही म्हटलं खरं, पण एक बारीकसं काम होतं. एक पोस्टकार्ड पाठव. पाकीट नको, पोस्टकार्डच, आणि अक्षर मोठं काढ, आस्ताचा चष्मा जुना झालाय. त्यावर लिही की 'माझं टपालाचं मत मी यंदा एव्हर्टच्या पक्षाला दिलं, त्याचं अभिनंदन कर.' तू गाव सोडून परदेशी गेलीस तरी तुझं नाव अजून इथल्याच यादीत आहे, आणि तुझं पाकीट इथे आलं होतं हे आस्तानं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय. आत काय होतं ते देवालाच ठाऊक. लोक म्हणतील, नॉर्वेत राहून ह्याल्मारच्या थोरलीचं डोकं फिरलं. म्हणू देत. तुला कुठे इथे राहायचंय! मात्र पुढच्या शनिवारच्या आत पोचलं पाहिजे. त्या ओंडक्यावर कुत्रा बसलेला मला बघवत नाही. तसा कुत्रा चांगला आहे.

ता. क. दुसरा. तू लगेच विचारशील की मला एवढा कसला पुळका, त्यानं स्वतःला मत दिलं असेल तर भोगू दे. तर ऐक, आणि ओडवारभाऊजींनाही सांगू नकोस. त्यानं दिलेलं नाही. मला पक्कं माहीत आहे, कारण ते मत माझं आहे. शिवणाच्या टोपलीतली एक मतपत्रिका मी घरूनच कोटाच्या खिशात घालून नेली होती. हातात बाबांचा पक्ष, खिशात एव्हर्ट. पडद्याआड गेले आणि बाबांची क्षमा मागितली. त्या दिव्यासाठी नव्हे हं, दिवा गेला खड्ड्यात! पण रोज संध्याकाळी खोपट्या बंद करताना हा माणूस आपले कप धुवायचा आणि मग न विचारता माझ्या खोपटीतलेही धुवायचा, शत्रूचे, थंड पाण्यानं, हात लाल होईपर्यंत. आणि तो टाय बांधताना माझ्या डोळ्यांपुढे आलं की आस्ता चष्मा पुसून 'शून्य' म्हणतेय. मला ते सहन झालं नाही. आता हे गावाला कसं सांगू? ह्याल्मारची मुलगी, कॉफीची प्रमुख! दुसऱ्या दिवशी किटली काढून नेतील. म्हणून तो जेवताना खरं बोलला तेव्हा मी त्याला दिव्यावरून टोमणा मारून गप्प केलं. त्याचे बटाटे अजून ताटात तसेच आहेत, मला फेकवत नाहीत. पोस्टकार्ड लवकर पाठव.

ता. क. तिसरा. थांब. पाकिटात घालायला पत्राची घडी घातली होती, ती उलगडून लिहितेय. आमच्या पक्षाला गेल्या वेळेइतकीच मतं पडली, एक कमी नाही, असं मीच वर लिहिलंय. अगं, मग माझं गेलं ते भरलं कोणी? तू दोनदा मत दिलं नाहीस. सिक्स्टेननं आमच्याकडे पाहिलं तरी त्याच्या आजोबांचा आत्मा तळमळेल. आणि एव्हर्ट आजवर हिरव्यांचा, पण यंदा?

चपला न घालताच सरपणाच्या खोपटाकडे गेले. एव्हर्ट कुऱ्हाड उचलून उभा होता. मी विचारलं, "एव्हर्ट, तू मत माझ्या पक्षाला दिलंस का रे?" त्यानं कुऱ्हाड खाली ठेवली. हातांकडे बघितलं. म्हणाला, स्वतःला कसं द्यायचं, बरं दिसत नाही; आणि घरातलं कोणीतरी एकजण तरी जिंकावं. मी म्हटलं, म्हणजे माझ्या पक्षालाच ना, नीट सांग! त्यानं श्वास आत ओढला. या खेपेला त्याचा अर्थ मला विचारावा लागला नाही. मग मीही सांगितलं, खिशातल्या मतपत्रिकेचं. तो लाकडांच्या ढिगावर टेकला. मग म्हणाला, "म्हणजे आपण दोघं घरीच बसलो असतो तरी चाललं असतं." आणि हसला, गाढव! निवडणुकीनंतर पहिल्यांदा. मी रडत होते, ते त्याला धुरानं वाटलं असेल. धूर कुठे होता, देव जाणे.

तेव्हा पोस्टकार्ड पाठवू नकोस. किटली नेतात तर नेऊ देत, जड आहे मेली. पण दुकानात उभं राहून हे सगळ्यांसमोर तोंडानं सांगायची छाती मला नाही, म्हणून एक युक्ती केली आहे. हे पत्र उद्या सकाळी आस्ताच्या हातात देणार आहे, आणि पाकीट चिकटवणार नाही. टेपही नाही.

आस्ता, तुझ्याबद्दल वर लिहिलंय ते सगळं खरं आहे. शनिवारच्या आत सिक्स्टेनला वाचून दाखव, आणि मग पाकीट चिकटवून पुढे पाठव.